पाव किलो साखर

३ फेब्रुवारी

वही नवीन आहे, निमित्त मात्र चांगलं नाही. नवऱ्याच्या छापखान्याने रात्रपाळी बंद केली. कुणाला कामावरून काढलं नाही, पण पगार एक तृतीयांश कमी. मालक म्हणाला, दिवस बरे आले की पाहू. नवऱ्याने हे सगळं बूट काढता काढता सांगितलं आणि मग बराच वेळ दुसरा बूट काढायचाच विसरला.

दाताचे डॉक्टर यायला अजून अवकाश आहे. पेशंटची बाकं पुसून झाली, फोन गप्प आहे, म्हणून दवाखान्यातच काउंटरमागे बसून लिहिते आहे. घरी लिहायला बसले तर तिघंजण खांद्यावरून वाचतील.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, दहा वर्षांची छोटी आणि सासूबाई. पैसे येतात तीन वाटांनी. नवऱ्याचा पगार, जो आता लंगडा झाला. माझा इथला अर्ध्या दिवसाचा पगार, जो पहिल्यापासूनच लंगडा. आणि सासूबाईंची पेन्शन. सासरे टपाल खात्यात होते. ते गेल्यापासून पेन्शन सासूबाईंना मिळते आणि पहिल्या आठवड्यात न बोलता माझ्या हातात येते. भाडं कमी करता येत नाही, शाळेची फी कमी करता येत नाही. कात्री लावायला जागा एकच उरते, वाणसामान.

आणि तिथे मला उधळपट्टी डोळ्यांनी दिसते आहे. सासूबाई सगळं पाव-पाव किलो आणतात. सकाळी मीठ, दुपारी साखर, संध्याकाळी आठवण होते की साबण राहिला. खाली कोपऱ्यावर एक बारकं दुकान आहे, काउंटरच्या पलीकडे एक माणूस आणि एक तराजू मावेल एवढंच. तिथल्या काकांकडून पुड्या बांधून आणायच्या. सुट्टं घेतलं की महाग पडतं हे शेंबडं पोरही सांगेल. गुडघे दुखतात म्हणून तीन जिने चढताना 'आई गं' करतात, पण दुपारी दोनला पुन्हा पिशवी घेऊन तयार. तेही कसं, तर केस नीट करून, इस्त्रीचे कपडे घालून. मीठ आणायला जाताना आरशात बघणारी ही एकच बाई मला माहीत आहे.

आजपासून खरेदी माझ्याकडे. पुलापलीकडच्या घाऊक बाजारातून महिन्याचं एकदम आणायचं. नवऱ्याने मला अर्थमंत्री ही पदवी दिली. त्याबरोबर पगार दिला असता तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी

मोहीम फत्ते. दोन बस बदलून गेलो. तांदूळ, पीठ, तेलाचा डबा, मसूर, पांढरा घेवडा, बटाट्यांची गोणी, साबणाच्या वड्यांची अख्खी पेटी आणि साखरेचं पोतं. येताना कंडक्टरने पोत्याचं तिकीट मागितलं. नवरा म्हणाला, पोतं उभं राहतंय, सीटवर बसत नाही. कंडक्टर हसला आणि तिकीट घेतलंच.

जिन्यात दोनदा बसावं लागलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. एवढं सामान बघून खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी साखरेच्या पोत्यावर हात ठेवला आणि विचारलं, हे किती दिवस जाईल. मी ऐटीत सांगितलं की दोन महिने तरी तुम्हाला जिना उतरायला नको. 'दोन महिने,' एवढंच त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पडून राहिल्या. दमलो होतो आम्ही, आडव्या झाल्या त्या.

मोठे डबे धुऊन वाळवून भरले. प्रत्येकावर कागद चिकटवून माझ्या अक्षरात नावं घातली. स्वयंपाकघर एखाद्या छोट्या गोदामासारखं दिसतंय. मी दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिले. इतकं समाधान मला लग्नाच्या फोटोंकडे बघूनही होत नाही.

१७ फेब्रुवारी

प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. घेवडा शिजत नाही. दोनदा भिजवला, कुकरमध्ये कोंडला, तरी दाताखाली खडा. वाचवलेले पैसे गॅसने खाल्ले. साबण इतका भुसभुशीत की अंगाला लावायच्या आधीच निम्मा मोरीत जातो. बटाट्यांना मोड आलेत. नवरा म्हणतो, गोणीत कान लावला तर वाढताना ऐकू येतात.

सासूबाई एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. बटाटे निवडून उजेडापासून लांब कागदात गुंडाळून ठेवले, घेवडा दळून पिठात मिसळला, साबणाच्या वड्या खिडकीत हवेला लावल्या. कडक झाल्यावर दुप्पट पुरतील म्हणाल्या. एवढं येतं तर स्वतः पाव किलोचा खेळ का खेळत होत्या, हे मला विचारायचं होतं. पण त्यांनी माझी लाज राखली होती, तेव्हा मीही गप्प बसले.

हल्ली दुपारी त्या खिडकीत बसतात. खिडकीतून कोपऱ्याशिवाय काही दिसत नाही. वयाने माणूस असा होतच असेल.

२८ फेब्रुवारी

पहिला महिना संपला. पडझड धरूनसुद्धा वाणसामानात जवळजवळ पाव भाग वाचला. नवऱ्याने माझ्याशी हस्तांदोलन केलं. छोटीला विचारलं, काय हवं. ती म्हणाली, दुकानातला बिस्किटाचा पुडा, डब्यातली नको. कृतघ्न पोर.

सासूबाईंनी विचारलं, नक्की किती वाचले. सांगितलं. पुढच्या महिन्यात अजून वाचतील का. वाचतील, म्हटलं. मग त्यांनी सगळं पुन्हा करून दाखवायला लावलं, तेल किती, तांदूळ किती, कुठे चुकलीस, कुठे जास्त धरलंस. मी दवाखान्यात अर्धा दिवस दुसऱ्यांची बिलं करते, आणि घरी येऊन मास्तरणीपुढे उभी.

आणि मग म्हणाल्या, 'आपण तिघंच असतो तर किती लागलं असतं?'

म्हणजे ह्यांना वाटतं, आम्ही ह्यांचा घास मोजतोय. मी बोलायला नको होतं पण बोलले, की आई, तुम्ही खाता किती आणि आम्ही काय हे मोजायला बसलोय का. त्या म्हणाल्या, तसं नाही गं, सहज विचारलं. मला रडू आलं. त्यांनी पाठीवर हात फिरवला, पण उत्तर मिळेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. शेवटी तिघांचा आकडा काढून दिला. त्यांनी तो दोनदा पुटपुटला.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, आईला पहिल्यापासून आकड्यांचा नाद आहे. बाबा पत्रांवरचे शिक्के मोजायचे आणि आई बाबांना मोजायची.

७ मार्च

घरात चोर आहे.

साखरेच्या मोठ्या डब्यात हात घातला तर कोपरापर्यंत गेला. चारजण दिवसभर सरबत प्याले तरी इतकी साखर संपणार नाही. पहिला संशय छोटीवर. तिला तोंड उघडायला लावलं, जणू दवाखान्यातच बसलेय. दात स्वच्छ. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, साखर नाही, पण तेलाच्या डब्यावर तू जे अक्षर काढलंयस ते मला खायला उठतं.

मुंग्या म्हणाव्यात तर एवढी नेणाऱ्या मुंग्यांना पाठीवर पोतं लागेल. सासूबाईंना विचारलं. त्या भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, वापर होतो तशी संपते. आणि पुन्हा विचारलं, मार्चमध्ये किती वाचतील असं वाटतं.

त्यातल्या त्यात एक बरं, की त्या पुन्हा खाली फिरायला जायला लागल्यात. गुडघे मोकळे होतात म्हणे. माझं काही म्हणणं नाही, फिरायला पैसे पडत नाहीत.

१२ मार्च

सासूबाईंना घेऊन पेन्शनच्या ऑफिसात गेले. वर्षातून एकदा जाऊन दाखवावं लागतं की आपण जिवंत आहोत. लांब रांग, रांगेत सगळे म्हातारे, आणि प्रत्येकजण जिवंत असल्याचा पुरावा म्हणून खोकत होता.

कारकुनाने कागद पुढे सरकवला. सासूबाईंचा वाचायचा चष्मा मी घरी विसरले होते, त्यामुळे त्यानेच वाचून दाखवलं. मी हयात आहे, इथे सही. मी पुनर्विवाह केलेला नाही, इथे सही. पहिली सही सासूबाईंनी झोकात केली. दुसरीच्या वेळी पेन कागदावर टेकवून तशाच थांबल्या. मग कारकुनाला म्हणाल्या, 'आणि केला तर?'

तो हसला. मागचे दोघं-तिघं हसले. मीसुद्धा हसले. कारकून म्हणाला, 'तर पेन्शन बंद, आजी. त्याच महिन्यापासून.'

'सगळी?'

'सगळी.'

त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आई, आज तुम्ही ऑफिस गाजवलंत, कारकुनाची चांगली फिरकी घेतलीत. त्या हसल्या नाहीत. ऊन लागलं असावं. बसमध्ये मी त्यांना खिडकीची जागा दिली. त्यांनी विचारलं, वाणसामानात वाचतात ते आणि माझी पेन्शन, ह्यात अंतर किती. मी म्हटलं, तुलनाच नाही, निम्मंसुद्धा होत नाही. त्यांच्या पेन्शनीची किंमत आम्हाला आहे हे त्यांना ऐकायचं होतं असं मला वाटलं, म्हणून मी ते दोन-तीनदा बोलूनही दाखवलं.

१८ मार्च

सगळं ओळीने लिहिते.

सकाळी छोटीच्या दप्तराखाली कागदी होड्यांची रांग सापडली. सगळ्या तपकिरी कागदाच्या, पुडीच्या घड्या पडलेल्या. एकीच्या तळाला साखरेचे कण. छोटी म्हणाली, आजी रोज एक कागद देते. म्हणजे घरात पोतंभर साखर असताना सासूबाई कोपऱ्यावरून पाव-पाव किलो साखर आणतायत! आणि पैसे? त्यांच्या हातात मी ठेवतेच किती. म्हणजे उधारी. उधारी म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

दवाखान्यातून परत येताना तडक दुकानात गेले. काका कुणालातरी चहा मोजून देत होते. हा माणूस बडबड करत नाही, अंगठ्याने पुडीला अशी घडी मारतो की दोरा लागत नाही. पोत्यांच्या बाजूला एक स्टूल आहे, त्यावर आता उशी दिसली. गिऱ्हाईक टिकवायच्या युक्त्या. मी त्यांना उधारी बंद करायला सांगणार होते, तेवढ्यात त्यांच्या मागच्या फळीवर नजर गेली. मोठा डबा भरल्यापासून रिकामा पडलेला माझा निळा डबा! कागदावर माझ्या अक्षरात 'साखर'.

मग मला सगळा प्रकार दिसला. हा माणूस म्हाताऱ्या बाईकडून आमची साखर काढून घेतो आणि तिलाच पाव-पाव किलो विकतो. मी बोलले. मोठ्याने बोलले. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, त्यातल्या एकीने जाता जाता आपली पिशवी पुन्हा तपासून पाहिली. मी म्हटलं, तुमचा धंदा बसला म्हणून गुडघे दुखणाऱ्या बाईला लुबाडता का. वय काय तुमचं.

काकांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग अगदी उतरला. वाटलं होतं उलट बोलतील. त्यांनी डबा उतरवला, फडक्याने पुसला आणि काउंटरवर ठेवला. 'ताई, घेऊन जा,' म्हणाले. 'घरी वजन करून बघा. कमी भरली तर सांगा.' एवढंच.

डबा कडेवर घेऊन तीन जिने चढले तेव्हा मला फार शूर वाटत होतं.

१९ मार्च

आता तसं वाटत नाही.

सासूबाईंनी डबा पाहिला आणि विचारलं, लोक होते का दुकानात. होते, म्हटलं. त्या खुर्चीवर बसल्या. नवरा घरात होता, छोटी गॅलरीत होती.

'साखर मी नेली,' त्या म्हणाल्या. 'चोरी म्हणायची असेल तर माझी आहे. त्यांनी एक पैसा घेतला नाही. आपलीच साखर, ते मोजून पुडी बांधून द्यायचे. मी ती आणून लहान डब्यात ओतायची.'

मला काही कळेना. मी विचारलं, पण कशासाठी.

'रिकाम्या हाताने दुकानात किती वेळ उभं राहता येतं गं?'

नवऱ्याला आधी हसू आलं. मग त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गिळलं. मी उठून मोठा डबा, निळा डबा आणि लहान डबा एकापुढे एक ठेवले आणि मनात बेरीज करून पाहिली. एक चमचासुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही. माझी सगळी बचत शाबूत आहे. त्या बाईंनी माझं नुकसान न करता आपलं दुपारचं दोनचं जाणं राखलं होतं, आणि मी भर दुकानात त्या माणसाची अब्रू काढून आले.

कालचं पान वाचताना आपल्यालाच आपली चीड येते. त्या एकट्या पडल्यात आणि माझ्या लक्षात आलं नाही. वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ आहे, त्यात त्यांचं नाव घालायचं ठरवलंय. तिथे बायकांशी गप्पा होतील. वर्गणीही किरकोळ आहे.

२६ मार्च

आठवडा झाला, सासूबाई खाली उतरल्या नाहीत. मंडळाला नको म्हणाल्या. जेवतात, छोटीचा अभ्यास घेतात, माझ्याशी नीट बोलतात. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. काल भात दोनदा टाकला आणि दोन्ही वेळा मीठ विसरल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आज मी दुकानात गेले. मुद्दाम गर्दीची वेळ निवडली, कारण बोलले होते लोकांपुढे, तर माफीही लोकांपुढेच मागायला हवी. मागितली. जीभ जड झाली होती, पण मागितली. काकांनी मान हलवली, जाऊ दे म्हणाले. गिऱ्हाइकं गेल्यावर त्यांनी एकच विचारलं, 'त्यांची तब्येत बरी आहे ना?'

बरी आहे, म्हटलं. ते तराजू पुसत राहिले. फळ्या निम्म्या रिकाम्या आहेत. जूनमध्ये दुकान सोडतायत. गिऱ्हाइकं सगळी पुलापलीकडे जातात, म्हणाले, आणि लगेच वरमले, कारण त्या गिऱ्हाइकांतली एक समोरच उभी होती. दोन गल्ल्या टाकून दोन खोल्या बघितल्यात, तळमजल्यावर, जिना नाही. साठवलेलं थोडंफार आहे, त्यात भागेल. मी निघाले तेव्हा म्हणाले, 'त्यांना एवढं सांगाल? म्हणावं, माझ्याकडून घाई नाही. जूनपर्यंत नाही आणि त्यानंतरही नाही.'

घरी येऊन निरोप दिला. मी विचारलं, आई, खरं सांगा, उधारी किती आहे, मी फेडते. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग तोंडाला पदराऐवजी हातातलं भांड्याचं फडकंच लावलं आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी घाबरून पाणी आणलं. 'अगं वेडे,' म्हणाल्या, 'कसली उधारी?'

मला अजूनही कळलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

१ एप्रिल

कळलं.

सुट्टी होती. दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मार्चचा आढावा झाला. फेब्रुवारीपेक्षा बरा निघाला. त्यांनी नेहमीसारखं सगळं तपासलं, तेलात एक चूक काढली. मग तांदळातून हात न काढता म्हणाल्या, 'त्यांनी मला विचारलंय. जानेवारीतच. दुकान बंद झालं की पुडी आणायला कुठे येणार तुम्ही, म्हणाले. मी हो म्हणणार होते. मग छापखान्याचं झालं.'

मी म्हटलं, काय विचारलंय. म्हणजे तोपर्यंतसुद्धा मला कळलं नव्हतं! मग माझ्या हातातलं सूप खाली आलं आणि निवडलेले, न निवडलेले सगळे तांदूळ एक झाले.

आठवत गेलं तसं अंग गरम होत गेलं. बसमध्ये मी त्यांना काय काय ऐकवलं! पेन्शनीशिवाय आमचं कसं अडेल ते. तेही दोन-तीनदा. त्या महिन्याच्या महिन्याला माझ्या बचतीवर नजर ठेवून होत्या आणि मला वाटत होतं, सासू सुनेच्या चुका मोजतेय. त्या माझ्याकडून सुटकेची वाट बघत होत्या. मी पाव भाग वाचवला म्हणून नाचत होते, आणि त्यांना कळत होतं की एवढ्याने भागणार नाही.

मी विचारलं, तुम्हाला ते आवडतात का. काय मूर्ख प्रश्न. त्या लाजल्या. साठी उलटलेल्या बाईला असं लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, फार बोलत नाहीत. पण मी काल काय बोलले ते त्यांना आज आठवतं.

नवऱ्याला मी सांगितलं. तो भिंतीकडे बघत बसला. बाबांबद्दल काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. मग शर्ट बदलून खाली गेला. मला धाकधूक, की हाही माझ्यासारखाच तमाशा करून येतोय की काय. बऱ्याच वेळाने परत आला, हातात एक काडेपेटी. आमच्याकडे घाऊक बाजारातल्या काडेपेट्यांची अख्खी थप्पी पडलीय. म्हटलं, ही कशाला. तो म्हणाला, 'नुसतं कसं उभं राहणार?' मग नाक पुसून म्हणाला, माणूस बरा आहे.

आईजवळ जाऊन बसला. दोघं काय बोलले मी ऐकलं नाही, ऐकू नयेच असं वाटलं. मी भांडी घासत होते आणि मुद्दाम आवाज करत होते.

३ एप्रिल

काल दवाखान्यात डोक्यात एकच आकडेमोड. पेन्शन वजा. एक माणूस कमी, म्हणून तेवढं जेवण वजा. माझी बचत जमा. छोटीच्या फीला हात लावायचा नाही. कसंही फिरवलं तरी दर महिन्याला खड्डा पडतो, माझ्या आठवडाभराच्या पगाराएवढा. डॉक्टरांना विचारलं, संध्याकाळचंही काम द्याल का. देईन म्हणाले, पण ऑगस्टपासून, आत्ताची मुलगी तेव्हा सोडतेय. म्हणजे मधले महिने कसे काढायचे ते मला माहीत नाही. फ्रिज विकला तर दोन महिने निघतील. किंवा नवऱ्याची सायकल. किंवा नाही निघणार.

आज सकाळी छोटी शाळेत गेल्यावर सासूबाईंनी मला समोर बसवलं. केस नीट केलेले होते, इस्त्रीचे कपडे होते. म्हणजे इथून थेट खालीच जायचं ठरवलेलं होतं, उत्तर कोणतंही असलं तरी.

म्हणाल्या, 'खरं सांग. पेन्शन बंद झाली तर घर चालेल? चालणार नसेल तर मी आत्ता जाऊन नाही म्हणून सांगते. त्यांना वाईट वाटेल, पण समजेल. तू मनाला लावून घ्यायचं नाही.'

सहा वर्षं ही बाई पेन्शन माझ्या हातात ठेवतेय आणि मी ती मोजून घेतेय. कधी एकदा विचारलं नाही, तुम्हाला काही घ्यायचंय का. मला त्यांच्या कुशीत शिरून रडावंसं वाटत होतं. पण रडले असते तर त्यांना उत्तर कळलं असतं.

'चालेल, आई,' मी म्हटलं.

'नीट पाहिलंस?'

'दोनदा.'

मी आकडे सांगायला तोंड उघडलं. रात्रीपासून पाठ करून ठेवले होते. तेल इतकं, तांदूळ इतके, डॉक्टरांकडचं संध्याकाळचं काम पुढच्याच आठवड्यापासून. खोटी बेरीज होती, पण चांगली बांधली होती. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मला थांबवलं.

माझ्याकडे बघत राहिल्या. ह्या बाईने माझ्या सासऱ्यांच्या तुटपुंज्या पगारात मुलगा शिकवला, घर चालवलं. हा हिशेब त्यांना माझ्याआधी येत असणार. खड्डा किती आहे तेही येत असणार. माझ्या चेहऱ्यावर त्यांनी काय वाचलं मला माहीत नाही. 'बरं,' म्हणाल्या. डोळे पुसले, पिशवी न घेताच उठल्या आणि जिना उतरायला लागल्या. एका हाताने कठडा धरून, सावकाश.

मी दारात उभी राहून त्यांची पावलं ऐकत होते. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा सासूबाईंनी माझा हिशेब तपासला नाही.